हात बसतो, मग धीर येतो

धाराशिव जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत एक रुग्ण वारंवार भेटतो. वय तिशी ते पन्नाशी. कधी पुरुष, कधी बाई. छातीत धडधड होते, झोप मोडते, अन्न गोड लागत नाही, हातापायांत त्राण नाही. ईसीजी काढला, रक्त तपासले, सगळे ठीक. औषधाची चिठ्ठी लिहून होत आली की खालच्या आवाजात खरी तक्रार बाहेर येते : "माझ्याच्यानं आता काहीच व्हायचं नाही." सोबत आलेला भाऊ किंवा मेहुणा लगेच म्हणतो, "असं कसं? आत्मविश्वास पाहिजे माणसाला!" रुग्ण मान हलवतो आणि दोघे एसटी पकडायला निघून जातात.

भावाचा जीव तुटत असतो, त्यात शंका नाही. पण त्याने दिलेले औषध फार हलके आहे. 'आपल्याला हे जमेल' ही भावना माणसात कुठून येते, याचा अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी आयुष्यभर केला. १९७७ मध्ये त्यांनी तिचे चार उगम मांडले. स्वतः काम करून ते जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ते करताना पाहणे, कोणीतरी धीर देणे आणि त्या वेळी आपले शरीर काय सांगते आहे ते. यांत सर्वांत भक्कम पहिला. शब्दांनी दिलेला धीर बराच खाली येतो. तो लागतो, पण पहिल्याच अपयशाला विरघळतो.

बँड्युरांचे गाजलेले प्रयोग सापाला घाबरणाऱ्या माणसांवर होते. साप बिनविषारी, पण या लोकांना त्याच्या नुसत्या कल्पनेने घाम फुटायचा. त्यांना व्याख्यान दिले गेले नाही. आधी दुसरा माणूस साप हाताळतो ते लांबून पाहायचे, मग एक पाऊल जवळ, मग हातमोजा घालून स्पर्श, मग मोजा काढून. प्रत्येक पायरी स्वतःच्या पायाने चढायची. काही तासांतच अनेकांची वर्षानुवर्षांची भीती गेली. आणि काहींनी नंतर सांगितले, की सापाचे सोडाच, चारचौघांत बोलण्यासारख्या दुसऱ्या भीतीही कमी झाल्या.

साप हाताळता आला म्हणून सभेत बोलता कसे येईल? याचे उत्तर समजायला उलट्या बाजूने जावे लागते. धीर जातो कसा, ते आधी पाहावे लागते.

१९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. काही कुत्र्यांना विजेचे धक्के बसत आणि ते काहीही केले तरी थांबत नसत. नंतर या कुत्र्यांना अशा खोक्यात ठेवले, जिथे एक छोटा अडथळा ओलांडला की सुटका होती. बहुतेकांनी प्रयत्नच केला नाही. ते पडून राहिले. या अवस्थेला 'शिकलेली असहायता' असे नाव मिळाले आणि पुढे नैराश्य समजून घेताना ते फार वापरले गेले.

गंमत अशी, की जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी आपला सिद्धांत उलटा केला. तोवर मायर यांनी उंदरांच्या मेंदूत खोलवर जाऊन पाहिले होते. त्यांचा निष्कर्ष असा, की लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणे हे शिकावे लागतच नाही. ती मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते दुसरेच : 'मी केले तर फरक पडतो' हे. हा अनुभव आला, की कपाळामागच्या मेंदूचा एक भाग तो टिपतो आणि खालच्या भागात उठलेला हातपाय गाळण्याचा संदेश दाबून धरतो. शिवाय ज्या प्राण्यांना आधी एकदा असा ताबा अनुभवायला मिळाला, ते पुढे वेगळ्याच ठिकाणी, ताब्याबाहेरच्या संकटातही लवकर कोलमडत नाहीत. लस टोचल्यासारखेच हे. साप हाताळणाऱ्याला सभेतही धीर का आला असावा, याचा धागा इथे सापडतो.

आता हे आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. इथला कोरडवाहू शेतकरी अडाणी नाही, आळशी तर नाहीच. पेरणीची वेळ, वाफसा, बियाणे, फवारणी यातले त्याला पुष्कळ कळते. पण एका वर्षी पाऊस येतच नाही, दुसऱ्या वर्षी काढणीच्या तोंडावर येतो आणि सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटतात. दोन्हीतून माल वाचला तर भाव पडलेला. कष्ट चांगले केले काय नि वाईट केले काय, निकाल तिसऱ्याच्याच हातात. अशी पाच-सात वर्षे गेली, की मेंदूला नेमका तोच धडा मिळतो : तुझ्या करण्याने फरक पडत नाही. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांत समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात हा जिल्हा होता, यामागे कर्ज आणि नापिकी आहेच. कर्जमाफी, विमा, पाणी यांना पर्याय नाही, आणि आत्मविश्वासाच्या गोष्टी सांगून ती जबाबदारी कोणाला झटकता येणार नाही. पण डॉक्टरच्या टेबलासमोर बसलेल्या माणसापुरता प्रश्न उरतोच. ज्याच्या मुख्य कामाचा निकाल आभाळाच्या हातात आहे, त्याच्याजवळ असे एखादे तरी काम आहे का, ज्याचा निकाल त्याच्या स्वतःच्या हातात आहे?

या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्यात ३० वर्षांपूर्वी बायकांनी शोधले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आपल्याकडचे सास्तूर, तसेच आजच्या उमरगा-लोहारा तालुक्यांतली अनेक गावे जमीनदोस्त झाली. सुमारे १० हजार माणसे गेली. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, असली घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे दुसरीकडे वसवली गेली. पण लाखाहून अधिक घरे अशी होती, की ती जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती, आणि हे काम घरमालकाने स्वतः पुढे होऊन करून घ्यायचे होते. सरकारकडून हप्त्याहप्त्याने पैसे मिळणार होते.

घरात मृत्यू, बाहेर भेगा पडलेल्या भिंती. पुरुष मजुरीच्या किंवा कागदपत्रांच्या मागे. अशा वेळी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेवर सरकारने लोकांना या कामात सामील करून घेण्याची जबाबदारी सोपवली. संस्थेने हजाराहून अधिक गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. यातल्या बहुतेकींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती. आता त्यांना भिंतीतले दगड पाहायचे होते. दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना धरून ठेवणारा आरपार दगड बसवला आहे का? माळवदावरची माती कमी केली का? लाकडी खांब आणि तुळई यांचा सांधा आडव्या-तिरप्या आधाराने बांधला का? सिमेंट-वाळूचे प्रमाण बरोबर आहे का, आणि पट्ट्यावर पाणी किती दिवस मारले?

संस्थेचे नाव इथे शब्दशः खरे ठरले. अभियंते होते, नमुन्याची घरे होती, पण रोजचे शिक्षण बायकांनी बांधकामावर उभे राहून, एकमेकींना विचारून, गवंड्याशी वाद घालून घेतले. गवंडी आधी हसत असणार, यात शंका नाही. आपल्याकडे चाळीस वर्षे भिंत रचणाऱ्याला दगड कसा बसवायचा हे एका बाईने सांगणे म्हणजे काय, ते सांगायला नको. पण भिंत खोटे बोलत नाही. आरपार दगड असतो किंवा नसतो. ओळंबा सरळ पडतो किंवा पडत नाही. शिकणाऱ्याला अशी चोख पावती देणारे काम फार मोलाचे, कारण त्यात कोणाच्या कौतुकाची वाट पाहावी लागत नाही.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर आणि उस्मानाबादच्या याच बायका तिथे गेल्या. मदत वाटायला नव्हे, तिथल्या बायकांना शिकवायला. भाषा वेगळी, पण भिंत तीच. २००४ च्या त्सुनामीनंतर अशाच बायका तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचल्या. बँड्युरांच्या यादीतला दुसरा उगम इथे दिसतो. घर गमावलेल्या कच्छी बाईसमोर अधिकारी उभा राहणे आणि आपल्यासारखीच पदर खोचलेली, आपल्यासारखेच गमावलेली बाई उभी राहणे, यात फार अंतर आहे.

पुढे दुष्काळाची वर्षे आली आणि याच वाटेने शेतीतला प्रयोग झाला. घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईने मागून घ्यायचा. त्यात ऊस-सोयाबीनसारखे एकच नगदी पीक नको. डाळी, ज्वारी-बाजरी, तेलबिया, भाज्या असे मिश्र पीक. रासायनिक खतांऐवजी घरचे खत, पाणी मोजून. काय पेरायचे ते ती ठरवणार. 'एक एकर मॉडेल' म्हणून हे ओळखले जाते आणि २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' मिळाले. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोरा गावच्या गोदावरी डांगे हे या कामातले सर्वांना माहीत असलेले नाव. तरुण वयातच पती अपघातात गेले, पदरात लहान मुले, आणि त्या काळात आपण घराबाहेर पडणेच सोडले होते, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. सुरुवात बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसण्यापासून झाली. त्यातून हिशेब, मग गट चालवणे, मग शेती, मग इतर गावांतल्या बायकांना शिकवणे आणि परदेशातल्या परिषदांत बोलणे. पायऱ्या पाहिल्या तर सापाच्या प्रयोगासारख्याच : एकही उडी नाही.

वैद्यकीय नजरेने या एकराचे दोन गुण दिसतात. एक, ताटात डाळ आणि भाजी येते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. दुसरा गुण मनाचा. सोयाबीनचा निकाल वर्षातून एकदा लागतो आणि तो सगळा पास किंवा सगळा नापास. मेथी महिन्याभरात काढणीला येते. एक वाफा गेला तरी दुसरा राहतो. मेंदूला 'मी केले, म्हणून हे झाले' ही पावती वर्षाऐवजी दर काही आठवड्यांनी मिळते.

मात्र आत्मविश्वास देणारी गोष्ट पैसे देणारीच असायला हवी, असे नाही. तेरला जाऊन आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणसोबत त्याचे नाव येते. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांवर पावसाने माती धुपली, की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या, नाणी वर येत. शतकानुशतके लोकांनी ती पायाखाली तुडवली. याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र ती उचलली, पुसली, जपली. पुरातत्त्व हा त्यांचा पेशा नव्हता. होता तो नाद. वर्षानुवर्षे त्यांनी हजारो वस्तू जमवल्या. त्यात सातवाहन काळातली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. तेरची बाहुली तिच्या बहिणीसारखी दिसते. ब्रिटिश म्युझियममधले अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये 'तेर' याच नावाचे पुस्तक काढले. लामतुरे यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज तेरच्या शासकीय संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे.

पांढरीत पडलेला खडा आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा मणी यांतला फरक पुस्तक वाचून डोळ्याला दिसत नाही. हजार खडे हातात घेतल्यावर दिसतो. मराठीत याला 'नजर बसणे' म्हणतात. हाताच्या बाबतीत 'हात बसणे'. मेंदूशास्त्र आज जे सांगते ते या दोन शब्दप्रयोगांत जवळजवळ पूर्ण आले आहे. नवे काम शिकताना सुरुवातीला कपाळामागचा मेंदू सतत राबतो. प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते, म्हणून पहिल्या आठवड्यात शिलाई मशीन, हार्मोनियम किंवा स्कूटर माणसाला थकवते. सरावाने तेच काम मेंदूच्या खोल भागांकडे आणि लहान मेंदूकडे सोपवले जाते. शिकलेले पक्के होण्याचा मोठा भाग झोपेत घडतो. काल न जमलेला टाका आज सकाळी सहज पडतो, तो त्यामुळे. रात्री जागून एकाच बैठकीत शिकण्यापेक्षा रोज अर्धा तास हात चालवणे आणि वेळेवर झोपणे अधिक लागू पडते.

उतारवयातल्या छंदांबद्दल एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आला. १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३ हजार लोकांची माहिती त्यात होती. छंद असलेल्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान अधिक दिसले. अर्थात, ज्याचे मन आणि शरीर बरे आहे तोच छंद करू शकतो, हेही खरे. तेवढा मीठमसाला वजा करूनही बरेच उरते.

आता एक इशारा, आणि तो महत्त्वाचा आहे. 'आत्मविश्वास गेला' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला छंद लावून घ्यायचा सल्ला देणे धोक्याचे. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागते, काम उरकत नाही, आणि घरचे तिला 'हिला उत्साहच नाही' म्हणतात. थायरॉइड मंद झाला, बी-१२ कमी पडले, साखर वाढली, तरी असेच होते. दारू तर झोप आणि उमेद दोन्ही खाते. म्हणून आधी तपासणी. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, मरणाचे विचार येतात, असे असेल तर तो आजार आहे. त्याला उपचार आहेत आणि त्यांनी माणूस बरा होतो.

या उपचारांतही हेच तत्त्व वापरले जाते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने केलेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ बैठका दिल्या. त्या देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. बैठकांचा गाभा साधा : उत्साह येण्याची वाट न पाहता एक छोटे काम ठरवायचे, करायचे, मन कसे झाले ते टिपायचे. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते; दुसऱ्या गटात ३९ टक्के.

घरच्यांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. काम लहान निवडू द्यावे, इतके लहान की पहिल्या आठवड्यात काहीतरी हाती लागेल : सायकलचे पंक्चर, परसातली चार वांग्याची रोपे, एक अभंग पेटीवर, मोबाइलवरून बँकेचे व्यवहार. व्हिडिओ पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. दहा मिनिटे पाहिले तर अर्धा तास हात चालला पाहिजे. काम बिघडले तर बिघडू द्यावे, हातातून काढून घेऊन दुरुस्त करून देऊ नये. पहिल्या कच्च्या भाकरीवर हसणारा दीर आणि पहिल्याच गोधडीला 'विकून टाक, पैसे येतील' म्हणणारा हिशेबी मुलगा, दोघेही सारखेच नुकसान करतात. आणि रुग्ण चार दिवसांत कंटाळला, तर काम चुकीचे निवडले गेले असेल, एवढेच. दुसरे द्यावे.

मन फारच खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.